सहकुटुंब सहपरिवार

मी पावसाचे हिशेब ज्युलिया या संगणकभाषेत मांडतो. नोंदी मात्र एक्सएमएल नावाच्या, खुणा घालून मांडलेल्या फायलींत येतात आणि त्या वाचायची सवय मला पायथन या दुसऱ्या भाषेतली. म्हणून पायकॉल या मध्यस्थाकरवी पायथनची मॉड्यूलं, म्हणजे तयार कोडची गाठोडी, ज्युलियाच्या घरी आणायची, असा आमचा सोयरिकीचा मामला.

हवं होतं ते मॉड्यूल तिसऱ्या पिढीतलं: एक्सएमएल, त्याच्या पोटी ईट्री, तिच्या पोटी एलिमेंटट्री. मी थोरल्या एक्सएमएललाच बोलवायचो. बाकीची मंडळी मागोमाग यायची. रविवारपर्यंत आलीही. सोमवारी ज्युलिया म्हणाली, की-एरर! ‘ईट्री’ ही चावी सापडत नाही. आता चावी कुणी मागितली होती? घरात हरवतात त्या चाव्यांचा आळ माझ्यावर असतोच, त्यात ही एक.

दोन तास गेले. मध्ये पायथन नव्याने टाकून झालं. मग कळलं, विंडोजवर पायकॉल, दुसरं काही सांगितलं नाही तर, स्वतःचं वेगळंच पायथन बाळगतं. म्हणजे माझा आहेर भलत्याच मांडवात!

बाहेर आई ताईच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत होती. “सहकुटुंब छापलंय ना, मग नावं कशाला घालतेस एकेकाची?” मी वैतागून विचारलं.

“शेजारच्या काकूंच्या सुनेला वेगळं बोलावलं नाही तर ती येत नाही.”

“साखरपुड्याला तर आली होती.”

“ती नवऱ्यामुलाकडून बोलावणं होतं म्हणून.”

मी ताडकन उठलो. रविवारी साफसफाई करताना मदतीच्या एका पायथन फायलीतली ‘बिनकामाची’ ओळ मी उडवली होती. तीच ओळ एलिमेंटट्रीला आजोबांपासूनच्या संपूर्ण नावानिशी बोलवत होती. एकदा मांडवात आल्यावर कुणाकडून आलात हे कोण विचारतो? मी ज्युलियात तिन्ही नावं टिंबं देऊन सलग लिहिली. आली बया.

राहिलं मीच लिहिलेलं, ‘पाऊस’ फोल्डरमधलं ‘वाचक’ हे मॉड्यूल. तेही दोन नावांनी बोलावलं, तरी ओळख नाही! पायकॉल आपण बसलोय त्या फोल्डरात बघतच नाही. पायथन मॉड्यूलं कुठे कुठे शोधतं त्या शोधयादीत आधी अवतरणचिन्हांची रिकामी जोडी ढकलावी लागते. रिकामी, म्हणजे ‘इथेच’. हे ज्याला सुचलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

बाहेर आलो तर पाकिटं संपत आली होती. एकावर नाव नव्हतं.

“हे कुणाचं?”

“आपलंच,” आई म्हणाली, “घरच्यांचं नाव कशाला घालायचं?”