शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच
लेख आवडला, पण न्यूयॉर्कच्या १९११ मधल्या ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला लागलेल्या आगीत १४६ जीव गेले एवढ्यावरच तो थांबला. मालकांचं पुढे काय झालं, ते राहूनच गेलं. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याच्या दाराला कुलूप होतं. का, तर कामगार पोरी माल चोरून नेतील म्हणून! सुटताना प्रत्येकीची पर्स उघडून बघायचे. बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली, आणि वर खिडक्यांत पोरी उभ्या. बहुतेक इटालियन नाहीतर ज्यू, काही तर जेमतेम १४ वर्षांच्या. खटल्यात मालक ब्लँक आणि हॅरिस दोघेही निर्दोष सुटले. आणि ऐका, १९१३ मध्ये हाच ब्लँक दुसऱ्या कारखान्याचं दार कुलूपबंद ठेवताना पुन्हा सापडला. दंड किती? २० डॉलर.