नापास केल्यानं वजाबाकी येत नाही

‘शिक्षण हक्क कायद्यानं परीक्षा बंद केल्या, पोरं आठवीपर्यंत ढकलली, दर्जा बुडाला. आता पुन्हा नापास करा आणि दहा-वीस पटाच्या शाळा बंद करा.’ हा मजकूर आमच्या राजापूर तालुक्यात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मी वाडीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक आहे, म्हणून उत्तर देतेय.

परीक्षा बंद केल्या हे खोटं. २००९ च्या कायद्यात कलम १६ नं नापास करू नका म्हटलं, पण कलम २९ नं वर्षभर मूल्यमापन सांगितलं आणि कलम २४ नं, मूल मागे असेल तर शिक्षकानं जादा शिकवावं. पहिलं लगेच पाळलं गेलं, त्याला पैसा लागत नव्हता. बाकीच्यांचे नुसते कागदावर तक्ते भरले गेले. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्रानं ती २०२३ मध्ये घेतलीही. मग आता मागताय काय?

ढकललेली पोरं पुढे टिकत नाहीत म्हणे. कायदा एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर पहिलीत गेलेली मुलं २०२० पासून दहावीला बसतायत आणि आमचा कोकण विभाग दरवर्षी निकालात राज्यात पहिला येतोय. २०२४ ला ९९.०१ टक्के. उत्तीर्णांची टक्केवारी म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मला मान्य आहे. पण टिकत नाहीत, हे तरी म्हणू नका.

खरं दुखणं वेगळं आहे. साठ पटापर्यंत दोन शिक्षक, असं कायदा सांगतो. आमच्याकडचे एक गुरुजी बदली घेऊन घाटावर गेले, जागा रिकामीच राहिली. उरलेल्या बाई एकट्या चार इयत्ता सांभाळतात, वर मोबाईलवर माहिती भरतात. त्या वर्षी चौथीच्या पोरांना हातच्याची वजाबाकी आली नाही. त्यांना नापास केलं असतं, तर पुढच्या जूनमध्ये त्याच वर्गात, त्याच एकट्या बाईंसमोर, पुन्हा चार इयत्तांच्या गर्दीत बसली असती. काय बदललं असतं?

आणि शाळा बंद करून मुलं मोठ्या गावात न्या म्हणणाऱ्यांनी जुलैत इकडे यावं. नकाशावर दीड किलोमीटर दिसतं, पण मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा आहे आणि पाणी चढलं की साकवावरून मोठी माणसंही जात नाहीत. सात वर्षांचं पोर त्या दिवशी घरीच राहतं. असे दिवस पावसाळ्यात किती येतात, ते आमच्या बायकांना विचारा.

कायद्यानं समितीला शाळा विकास आराखडा करायला सांगितलंय. आमच्या आराखड्यात पहिल्या ओळीत दुसरा शिक्षक मागितलाय, सलग दुसऱ्या वर्षी.