तुमची फ्लाइट रद्द झाली, त्यांचं म्हातारपण रद्द होतंय

मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, पेन्शनकपातीविरुद्ध बेल्जियमभर संप आणि मोर्चा होता, म्हणून ब्रसेल्सच्या झाव्हेंटेम विमानतळावरून एकही प्रवासी विमान सुटलं नाही. तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर जे चाललंय ते वाचून माझं डोकं फिरलंय. "या लोकांना कामच नको." "आपल्या टॅक्सवर फुकट खातात आणि वर रस्त्यात येऊन नाचतात." "आपल्याकडे असते तर मेस्मा लावून सरळ केले असते." त्यावर टाळ्या, अंगठे, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. एरवी ढोकळ्याची ऑर्डर आणि जुना सोफा विकण्यापलीकडे तोंड न उघडणारी माणसं परवापासून कामगार कायद्यातली तज्ज्ञ झाली आहेत.

दिवाळीला घरी जायचं होतं, वसुबारसेच्या आत पोचायचं होतं, तिकिटाचे पैसे अडकले, पोरं रडली. सगळं मान्य. माझीही माणसं तिकडेच आहेत. पण मोर्च्याची तारीख कितीतरी आठवडे आधी जाहीर झालेली होती. त्या दिवशी इथून विमानं सुटणार नाहीत, हे विमानतळानेही आधी कळवलं होतं. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ऐंशी हजार माणसं (हा पोलिसांचा आकडा, युनियनच्या हिशोबाने एक लाख चाळीस हजार) एका दिवसाचा पगार सोडून रस्त्यावर का उतरली?

ग्रुपवर जे सगळ्यात तावातावाने लिहितायत, त्यांच्या घरी दर आठवड्याला सर्व्हिस व्हाउचरवर, म्हणजे घरकामासाठीच्या सरकारी अनुदानाच्या कूपनवर, साफसफाईला बाई येते. माझ्याकडेही येते. त्या व्हाउचरच्या खऱ्या किमतीचा निम्म्याहून जास्त भार सरकार उचलतं. म्हणजे फुकट कोण खातंय?

माझ्याकडे येते ती पोर्तुगालची. तिच्या उजव्या मनगटाला कायम पट्टा बांधलेला असतो. अंगठ्याच्या बाजूने तो काळा पडलाय, कारण ओलं फडकं पिळताना रोज भिजतो. जिने, खिडक्या, बाथटब, गॅसच्या मागची भिंत, मग ट्राम पकडून पुढचं घर. हे काम पूर्ण वेळ करणं फार कमी जणींना झेपतं, म्हणून बहुतेक जणी अर्धवेळ करतात. आणि इथले पंतप्रधान बार्ट द वेव्हर यांच्या सरकारचा बेत काय, तर कायद्याच्या वयाआधी पेन्शन घेतली आणि कामाची ठरावीक वर्षं भरलेली नसली, तर जितकी वर्षं आधी घेतली त्या प्रत्येक वर्षामागे पेन्शनमधून २ टक्के कापायचे. पुढे हाच आकडा वाढवत ५ टक्क्यांपर्यंत न्यायचा. कायद्याचं वय आज ६६ आहे, २०३० पासून ६७. म्हणजे त्या पट्टा बांधलेल्या हाताने सदुसष्टाव्या वर्षापर्यंत दुसऱ्याच्या घरातल्या फरशा घासायच्या, नाहीतर पेन्शन गमवायची. यात मार कुणाला बसणार? अर्धवेळ काम केलेल्या, मधली वर्षं पोरांत आणि आजारी सासूत घालवलेल्या बायकांना. मंगळवारी मी नॉर्थ स्टेशनपाशी गेले होते. युनियनांच्या लाल, हिरव्या, निळ्या जॅकेटांच्या त्या गर्दीत वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बायका, नर्सेस, बस ड्रायव्हर, शिक्षक होते. नाचायला कोणी आलं नव्हतं.

पैसे नाहीत, हे कारण. सरकारी तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या वर गेली म्हणून जुलै २०२४ पासून बेल्जियमवर युरोपियन युनियनची कारवाई चालू आहे, म्हणून कपात. बरं. मग २०२५ मध्येच संरक्षणखर्च जीडीपीच्या २ टक्क्यांवर न्यायला पैसे कुठून आले? मार्चमध्ये ब्रसेल्समध्येच ८०० अब्ज युरोंच्या शस्त्रसज्जतेची योजना मांडली गेली आणि त्यासाठी देशांना तुटीच्या नियमातून सवलत देऊ केली. तोफांसाठी हा नियम शिथिल होतो. सफाई करणाऱ्या बाईच्या पेन्शनसाठी तो दगडावरची रेघ असतो. याचा मला भयंकर संताप येतो आणि तो ग्रुपवर कुणालाच येत नाही, याचा त्याहून जास्त येतो.

ही बाई पोर्तुगाल सोडून आली तीच कपातीमुळे. तिथे २०११ मध्ये ७८ अब्ज युरोंचं कर्ज घेताना युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि नाणेनिधी या त्रिकुटाने अटी लादल्या. पुढच्या वर्षी सरकारने ठरवलं की कामगाराच्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी कापले जाणारे ११ टक्के वाढवून १८ करायचे आणि मालकाचा वाटा पावणेचोवीस टक्क्यांवरून १८ वर आणायचा. एकाच्या खिशातून काढून सरळ दुसऱ्याच्या खिशात! १५ सप्टेंबर २०१२ ला अख्खा देश रस्त्यावर आला. लिस्बन, पोर्तो, लहान लहान गावं. ती पोर्तोच्या मोर्च्यात होती. सरकारला तो बेत गुंडाळावा लागला. दोन महिन्यांनी, १४ नोव्हेंबरला, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एकाच दिवशी सार्वत्रिक संप झाला, इटली आणि ग्रीसमध्ये काही तास काम थांबलं, आणि इथे बेल्जियममध्ये रेल्वेवाले उतरले. तेव्हाही पेपरांत मथळे होते ते अडकलेल्या प्रवाशांचे.

आणि ग्रीस! ग्रीसबद्दल बोलायला लागले की माझा आवाज चढतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये एका फटक्यात किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं, पंचविशीच्या आतल्यांचं ३२ टक्क्यांनी. पुढच्या वर्षी बेकारी २७ टक्क्यांवर गेली. अर्थखात्याच्या ५९५ सफाई कामगार बायकांना घरी बसवलं. त्या लाल रबरी हातमोजे उंचावून खात्याच्या दारात महिनोन् महिने बसल्या, पोलिसांची धक्काबुक्की सोसली, आणि २०१५ मध्ये कामावर परत घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ५ जुलैला ६१ टक्के लोकांनी सार्वमतात कपातीला नाही म्हटलं. जेमतेम आठवडा उलटला आणि त्यांच्या गळ्यात त्याहून कडक अटी बांधल्या. कसली लोकशाही ही? दवाखान्यात औषध नाही म्हणून डॉक्टरांनी फुकट सेवा देऊन लोकवर्गणीची क्लिनिकं चालवली त्या देशात. आणि तेव्हा युरोझोनच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे अध्यक्ष असलेले डच मंत्री डायसेलब्लुम २०१७ मध्ये मुलाखतीत काय म्हणाले? दारू आणि बायकांवर पैसे उडवायचे आणि मग मदत मागायला यायचं, असं चालणार नाही. रोख दक्षिण युरोपवर, हे न कळण्याइतकं कुणी खुळं नव्हतं. ओईसीडीचे आकडे सांगतात की ग्रीक माणूस वर्षाला अठराशेहून जास्त तास काम करतो आणि जर्मन माणूस चौदाशेहून कमी. आळशी मात्र ग्रीक! आमच्या ग्रुपवरच्या त्या मेसेजमध्ये आणि या वाक्यात मला काडीचाही फरक दिसत नाही.

बरं, ज्यांना संपवाल्यांचा एवढा तिटकारा, त्यांनी जरा आपली पगाराची स्लिप काढावी. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या आपल्या ऑफिसवाल्या बहुतेकांचा पगार एका झटक्यात ११.०८ टक्क्यांनी वाढला. मॅनेजर खूश झाला म्हणून वाढला नाही. महागाईबरोबर पगार आपोआप वाढण्याचा नियम या देशात आहे आणि तो युनियननी दशकानुदशकं टिकवलाय म्हणून वाढला. २०१५ मध्ये सरकारने हाच नियम एकदा गोठवून सगळ्यांची २ टक्के वाढ गिळली, तेव्हाही रस्त्यावर हेच लोक आले होते. ११ टक्क्यांच्या वेळी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले होते. ते पैसे घेताना कुणाला या लोकांची लाज वाटली नव्हती.

आणि आपण कुठून आलोय? माझे आजोबा लालबागचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंपात उतरलेल्या अडीच लाखांतले एक. त्यांनाही तेव्हा शहाण्यासुरत्या लोकांनी हेच ऐकवलं होतं, माजलेत, काम नकोय. आज त्या जागेवर मॉल आहेत. २०२१ मध्ये एसटीचे कर्मचारी संपावर गेले, तेव्हाही लोकांना फक्त बुडालेली एसटी दिसली, ड्रायव्हरचा पगार दिसला नाही. आणि मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी, शिक्षक संपावर गेले. परवा ग्रुपवर संपवाल्यांना "आळशी जमात" लिहिणाऱ्या गृहस्थांची बहीण तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तेव्हा त्यांनीच हौसेने ग्रुपवर तिचा घोषणा देतानाचा फोटो टाकला होता. बहिणीची पेन्शन ती पेन्शन, आणि इथल्या बाईची ती फुकटेगिरी?

हे सगळं मी परवा रात्री ग्रुपवर लिहिलं होतं, यापेक्षा सभ्य शब्दांत. दहा मिनिटांत अ‍ॅडमिनने उडवलं. कारण दिलं, ग्रुपवर राजकारण नको. "फुकट खातात" मात्र अजून तिथेच आहे, खाली सदतीस अंगठ्यांसकट. म्हणून इथे लिहिलं. हे उडवायला इथे कुणी नाही, आणि पुढच्या मोर्च्याला मी त्या बाईबरोबर जाणार आहे. ज्यांना ग्रुपमधून काढायचं असेल त्यांनी खुशाल काढावं.