पोर्तुगीज पासपोर्ट घेतला म्हणून गोवा परका होत नाही

गोव्याबद्दलचा एक संदेश वरचेवर फिरत असतो: पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्यांना गोवामुक्ती मान्य नाही, त्यांना भारत नकोसा झालाय, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत सरकार देतं ते) काढून ते दोन्ही देशांचे फायदे लाटतात. यातलं काहीच खरं नाही.

आधी मुक्तीचं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपल्या नागरिकत्वाचा हक्क देतो. तो मुला-नातवंडांपर्यंत पोचतो. त्यासाठी लिस्बनला जन्मनोंद करावी लागते. धर्म कुणी विचारत नाही, पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याच्याबद्दलचं मतही नाही. खुद्द पोर्तुगालने १९७४ च्या करारात गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. मग त्या देशाचा पासपोर्ट घेतल्याने मुक्ती नाकारली जाते, हे कुठलं तर्कशास्त्र?

‘भारत नकोसा’ या आरोपाचा मला खरा राग येतो. ही माणसं जातात कुठे ते बघा. पोर्तुगालमध्ये थोडेच राहतात. बरेचसे इंग्लंडमध्ये, स्विंडन आणि साउथॉलला. ब्रेक्झिटपूर्वी युरोपीय पासपोर्टवर तिथे थेट काम करता यायचं, म्हणून गोदामांत, कारखान्यांत लागले. गोंयकार पोटासाठी बाहेर पडतो हे जुनंच आहे. बोटीवर गेला, आखातात गेला. मुंबईला आला तेव्हा धोबीतलावच्या आसपास गावागावाच्या नावाने कूड उभे केले, म्हणजे परक्या शहरात आपल्याच गावच्या माणसांसोबत राहायची सोय. आज इंग्लंडमध्ये तियात्राचे प्रयोग लागतात, ते याच माणसांसाठी. गाव नकोसं झालेला माणूस कोकणी नाटकाचं तिकीट कशाला काढेल?

राहिले ‘दोन्हीकडचे फायदे’. भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआयवर येता येतं, राहता येतं, घरही घेता येतं. पण विधानसभा सोडाच, गावच्या पंचायतीलाही मत देता येत नाही. निवडणूक लढवता येत नाही. शेतजमीन वारशाने मिळाली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. ज्या गावात घरातल्या चार पिढ्या पुरल्या किंवा दहन केल्या, तिथल्या डोंगरकापणीवर ग्रामसभेत मतदानाचा हक्क उरत नाही. याला फायदे लाटणं म्हणणाऱ्यांनी स्वतःचं मतदार ओळखपत्र परत करायची तयारी आहे का, ते आधी सांगावं.