सगळेच नवरदेव

सन्मानपत्र छापायला येणाऱ्याला फॉन्टचं नाव ठाऊक नसतं, पण हवा तोच असतो. हवेत बोटाने दोन भाले आणि एक ढाल काढून तो सांगतो, "ते राजेशाही असतं ना, तसलं." म्हणजे ओल्ड इंग्लिश नावाचा फॉन्ट. प्रत्यक्षात जुनी इंग्रजी बोलणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी जन्मात असं लिहिलं नाही. ही मध्ययुगीन युरोपातल्या लेखनिकांची टेक्स्टुरा नावाची लेखनशैली. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास माइन्झला बायबल छापलं, तेव्हा छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, याच वळणावर ओतले.

पुढची फर्माईशही ठरलेली: "सगळं कॅपिटलमध्ये घ्या, उठून दिसेल." इथे माझं डोकं उठतं. या घराण्यातलं प्रत्येक मोठं अक्षर शेला, फेटा, तुरा लावून येतं, कारण त्याच्यामागे साधी छोटी अक्षरं चालणार असतात. सगळीच मोठी घेतली की वरातीत सगळेच नवरदेव घोड्यावर, वऱ्हाडी एकही नाही. वाचणाऱ्याला दिसते ती जिलब्यांची परात.

छोटी अक्षरं तरी सरळ आहेत का? टाक ४५ अंशांत धरायचा, अक्षराची उंची टाकाच्या टोकाच्या रुंदीच्या पाचपट, म्हणजे ३ मिलिमीटर रुंद टोकाला १५ मिलिमीटर, आणि दोन रेघांत एका रेघेइतकीच पांढरी फट. टेक्स्टुरा म्हणजे विणलेली, ती याच विणीमुळे. रोमन लिपीत 'मुनीम' लिहा: एम, यू, एन, आय, एम मिळून ११ उभ्या रेघा, सगळ्या सारख्या. कुंपणच. आयवरचं टिंब असल्याच गोंधळातून आलं. लेखनिक त्या एकट्या रेघेवर बारीक तिरकी खूण करू लागले. कुंपण मोकळं करायला अक्षरांमधली जागा वाढवलीत, तर वीणच उसवते.

ए-४ कागदावर शीर्षक ४८ पॉइंट, नाव निदान ३०, बाकी मजकूर साध्या अक्षरात, हा माझा हिशोब. काळ्यावर पांढरं मागू नका, शाई पसरून बारीक रेघा बुजतात. व्हिनाइलच्या चिकट कागदातून अक्षरं कापली, तर फालतू भाग सोलताना केसासारख्या रेघाही सोबत निघून येतात.

मग येतं, "आता हेच मराठीत." फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच, संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "बघा, जमलं की!" मुळात देवनागरीचा बोरू (बांबूची लेखणी) उलट्या बाजूला तिरका कापतात, त्यामुळे जाडी पडते तीही उलट्या दिशेला. शिरोरेघेला काटे चिकटवून हे भागत नाही.

सगळ्यात घातकी म्हणजे याच घराण्यातली जर्मन लिपी, फ्राक्टुर. तिचा मोठा ए आपल्याला यू वाटतो आणि व्ही तर थेट बी. प्रूफ वाचायचे कष्ट कुणी घेत नाही, "वा, राजेशाही!" म्हणून सही होते. मग उनिल सरांचा सत्कार बिनयरावांच्या हस्ते थाटात पार पडतो.