डिकीतली स्ट्रॉबेरी

मुंबईत वसंत ऋतू कॅलेंडरवर येतो आणि कॅलेंडरवरूनच परत जातो. होळी झाली की पंखा तीनवरून पाचवर जातो, एवढाच काय तो ऋतुबदल. त्यामुळे ज्यांना वसंत हवा असतो ते महाबळेश्वरचं बुकिंग करतात. बघायला जातोय असं सगळे म्हणतात, पण माझं स्पष्ट मत आहे की मुंबईकर महाबळेश्वरला बघायला जातच नाही. तो आणायला जातो. पॉइंट, तलाव, देऊळ हे सगळं मधल्या वेळात उरकायचं असतं. खरी कामगिरी म्हणजे स्ट्रॉबेरी धडधाकट अवस्थेत घरी पोचवणं.

पहिली अडचण तारखेची. स्ट्रॉबेरीचा हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यानंतर आवरता घेतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ भरपूर, गोड आणि भाव उतरलेला. एप्रिलचं ऊन लागलं की फळ लहान आणि मऊ पडतं. म्हणजे शहाण्या माणसाने मार्चच्या एखाद्या मंगळवारी जावं. पण मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, मोठ्यांचं इयर एंडिंग आणि सोसायटीची थकबाकी हे तिन्ही एकदम येतं. मग उरतात गुढीपाडवा, गुड फ्रायडे आणि १४ एप्रिल. यातलं जे शनिवार-रविवारला चिकटतं, त्याच्यावर घाटकोपर ते बोरिवली सगळ्यांची एकदमच नजर पडते.

रस्ते दोन. पोलादपूरवरून गेलात तर अंतर कमी, पण शेवटचे सुमारे चाळीस किलोमीटर आंबेनळी घाट. पुण्यावरून गेलात तर एक्स्प्रेसवे, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट आणि पाचगणी. घरात कोणाला गाडी लागत असेल तर दुसरा रस्ता बरा. उलटीची गोळी अर्धा तास आधी द्यायची असते, पहिल्या वळणानंतर नव्हे. त्या माणसाला पुढे बसवायचं, मोबाइल काढून घ्यायचा आणि लांब समोर बघायला सांगायचं. गाडी का लागते? कान सांगतात आपण हलतोय, डोळे सांगतात समोर रील थांबलेलं आहे, आणि या भांडणात पोट निकाल देतं. आवळासुपारीचा औषध म्हणून किती उपयोग होतो ते सोडा, तोंड बंद राहतं हा फायदा आहेच.

घाटात गाडी तापते ती चढामुळे कमी आणि आपल्या चालवण्यामुळे जास्त. पुढच्या गाडीला नाक लावून अर्ध्या क्लचवर रांगत राहिलं की क्लचप्लेटचा वास येतो आणि मागच्या सीटवरून ‘काहीतरी जळतंय का रे?’ हा प्रश्न येतो. पुढच्याला दोन गाड्यांची जागा द्या, दुसऱ्या गिअरमध्ये सलग चढा, काटा वर सरकायला लागला की एसी बंद करा. उतरतानाही तोच गिअर. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवणारे वीर वळणावळणावर ब्रेक गार होण्याची वाट बघत उभे असतात.

रंगपंचमीला जात असाल तर वाईजवळ बावधनला बगाड असतं. मोठ्या लाकडी गाड्यावर उंच शीड, त्या शिडाला टांगलेला बगाड्या म्हणजे नवस फेडणारा माणूस, आणि ते सगळं बैल ओढत शेतांतून गावात नेतात. वसंतातला या भागातला खरा सोहळा हा. पण हॉटेलचं चेक-इन बाराला असल्यामुळे मुंबईकर ‘आज कसलं ट्रॅफिक आहे?’ असं विचारून पुढे निघतो.

वर पोचलं की पहिला धक्का हवेचा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे, त्यामुळे ‘थंड’ हवेचं ठिकाण म्हणून बॅगेत स्वेटर, कानटोपी आणि आजीची शाल. एप्रिलच्या दुपारी पारा तीसच्या वर जातो. मुंबईला समुद्राचा वारा असतो, त्यामुळे भर दुपारी दोन्हीकडच्या आकड्यांत फारसा फरक राहत नाही. फरक असतो घामात आणि रात्री. सूर्य गेला की दोन तासांत हवा फिरते आणि तेव्हा नेमका स्वेटर हॉटेलवर असतो. तो पाठीवरच्या पिशवीत ठेवा. आजीची शालही.

आता बघायच्या जागा. लिंगमळ्याचा धबधबा वसंतात बघू नये, कारण तो नसतो. इथे वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मार्चमध्ये ओला काळा कातळ आणि त्याच्याकडे बघून ‘इथूनच पडतो ना?’ म्हणणारे लोक, एवढंच दृश्य. ऑर्थर सीटची दरी दुपारी धुरकट असते. धूळ, उष्णतेची लहर आणि खालच्या डोंगरांवरचे वणवे, तिन्ही मिळून कोकण पुसून टाकतात. सकाळी नऊच्या आत गेलात तर सावित्रीचं खोरं स्वच्छ दिसतं. विल्सन पॉइंट सगळ्यांत उंच, १,४३९ मीटर. मार्चच्या मध्याला तिथे सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो. म्हणजे साडेपाचला उठणं आलं. कामाच्या दिवशी ज्याला पाच वेळा हाक मारावी लागते तो माणूस इथे साडेपाचला दात घासताना आढळतो आणि सात वाजता पॉइंटवर उभ्या उभ्या झोपतो.

संध्याकाळी सगळ्यांनी बॉम्बे पॉइंटला जायचं असा दंडक आहे. मुंबई टाळायला आलेली जनता अडीचशेहून जास्त किलोमीटर येऊन याच नावाच्या ठिकाणी खांद्याला खांदा लावून उभी राहते, यावर मी काही बोलत नाही. सूर्यास्ताच्या आधी पाऊण तास पोचा आणि गाडी परतीच्या दिशेला तोंड करून लावा. सूर्य बुडाल्यावर सगळे एकाच क्षणी चावी फिरवतात.

ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं ते म्हणजे अंजनी. वसंतात हे झुडूप फुलतं. खोडाला, फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे बारीक गुच्छ, पानांच्या आत दडलेले. या जंगलात ती जागोजाग आहे, तिकीट नाही, रांग नाही. गाडीची काच खाली केली तरी दिसते. पण तिच्यासमोर चणेवाला उभा नसल्यामुळे कोणी थांबत नाही.

वेण्णा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला, गावाला पाणी मिळावं म्हणून. सुमारे २८ एकरांचा पसारा. आता त्यात बोटी आहेत, आणि बोटींसाठी रांग आहे. वल्ह्याची बोट घेतली तर नाववाला बरोबर येतो, आपण हात पाण्यात घालून बसायचं. पायडलची घेतली तर नाववाला नसतो, मग संसार सुरू होतो. पुढचे दोघं पाय मारतात, मागचे दोघं दिशा सांगतात. पुढच्या दोघांतला एक जोरात आणि एक नावापुरता पाय मारतो. बोट त्याने वळत नाही, वळते मधल्या दांड्याने, पण तो दांडा कोणाच्या हातात असावा हे ठरेपर्यंत अर्धी वेळ संपते. दुपारनंतर वारा सुटतो. जाताना वारा पाठीशी असेल तर ‘किती सोपं आहे!’ असं वाटतं, आणि येताना कळतं की सोपं कोणासाठी होतं. म्हणून आधी वाऱ्याकडे तोंड करून निघायचं, दमल्यावर वाराच परत आणतो. लाइफ जॅकेटचे पट्टे खालपर्यंत आवळा. नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस आत राहतो.

काठावर घोडे. घोडेवाल्याचा ‘मोठा राउंड’ म्हणजे काय, हे घोड्यावर बसायच्या आधी बोटाने दाखवून घ्यायचं.

‘कुठपर्यंत जाणार?’

‘त्या झाडापर्यंत, ताई.’

‘कुठल्या झाडापर्यंत?’

‘जिथनं घोडा वळतो त्या.’

आता मूळ विषय. देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा महाबळेश्वर-पाचगणीच्या याच पट्ट्यातून येतो, आणि २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. ईस्टरच्या सुमारास इथे स्ट्रॉबेरी महोत्सव भरतो. क्रीमच्या ग्लाससाठी तिथली रांग बघितली की दादर स्टेशनची आठवण येते. मला विचाराल तर शेतावर जा. भिलारच्या बाजूला कितीतरी शेतकरी स्वतः फळं तोडू देतात. २०१७ पासून भिलार पुस्तकांचं गावही आहे. घराघरांत मांडलेली मराठी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात, त्यामुळे बरोबरच्या मंडळींना फळं निवडायला वेळ लागला तरी तुमची सोय झालेली असते.

शेतात उंच वाफे असतात, त्यावर प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर, खाली ठिबकच्या नळ्या. वाफ्यावर पाय देऊ नका, नळी फुटते. फळ ओढायचं नाही. देठ नखाने, फळापासून बोटभर वर खुडायचा. हिरवी टोपी निघाली तर तिथून रस सुटतो आणि संध्याकाळपर्यंत फळ बसतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंब्याची सवय असलेला कोकणी माणूस इथे फसतो. ‘जरा कच्ची घेऊ, घरी पेंढ्यात घालू’ हा हिशेब चालत नाही. खांद्याशी पांढरं राहिलेलं फळ नंतर लाल दिसायला लागेल, गोड व्हायचं नाही. आकाराला भुलू नका. मोठ्या फळात बरेचदा पाणी जास्त. वास घ्या, वास खोटं बोलत नाही.

रस्त्यावर पनेट, म्हणजे फळांचा छोटा पारदर्शक डबा, घेणार असाल तर ते उलटं धरून तळातून बघा. वरच्या थरात टपोरी फळं तोंड वर करून बसवलेली असतात आणि खालच्या थरात त्यांची गरीब नातेवाईक. एखादं जरी ओलं, करड्या बुरशीचं दिसलं तर आख्खं पनेट नको. ती बुरशी एका फळावरून दुसऱ्यावर चालत जाते.

मग बाजारपेठ. मसाल्याचे चणे, चप्पल, काठी, सरबताच्या बाटल्या. दुकानात छोट्या कपातून चवीपुरतं सरबत देतात. तिसऱ्या कपानंतर माणसाला काहीच न घेता बाहेर पडायची लाज वाटते आणि यावर तिथलं अर्थकारण उभं आहे. तुती आणि गाजरं मात्र जरूर घ्या. मध घेताना काडी पेटवून बघणं, पाण्यात थेंब टाकणं असले प्रयोग दुकानदारासमोर करू नयेत, त्यातून काही सिद्ध होत नाही. जवळच मांघर हे २०२२ पासून मधाचं गाव आहे, तिथे जाऊन पेट्या आणि मधपाळ दोन्ही बघता येतात.

परतीची भरणी हे शास्त्र आहे. चपला, काठ्या, बाटल्या खाली; स्ट्रॉबेरी डिकीत अजिबात नाही. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते आणि एसीचा वारा तिथे पोचत नाही. पनेटं मागच्या सीटच्या पायाशी, एसीच्या वाऱ्यात, तीनपेक्षा जास्त एकावर एक नकोत. घाटात प्रत्येक वळणाला वरचं खालच्यावर बसतं. धुवू नका, ओलावा म्हणजे बुरशीला आमंत्रण. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला सांगून फ्रिजमध्ये ठेवता आली तर उत्तम, थंड झालेलं फळ प्रवास सोसतं. तत्त्व इतकं साधं असूनही रविवारी चारला निघालेल्या दहांतल्या आठ गाड्यांत स्ट्रॉबेरी डिकीतच असते, कारण मागच्या सीटवर माणसं बसलेली असतात आणि माणसांना पाय असतात.

खंडाळ्याच्या घाटात गाड्या उभ्या राहतात. बाजूने एक टेम्पो जातो. त्यातही स्ट्रॉबेरीच असते. सकाळी गार हवेत तोडलेली, सावलीत भरलेली, पहाटे वाशीच्या मार्केटला पोचणारी. सकाळी दादरला गाडीवर जी मिळते ती हीच. ती तुमच्या फळापेक्षा ताजी असते, तिला ना बोटिंग घडलेलं असतं ना सूर्यास्त. हे घरी कोणाला सांगू नये.

रात्री अकराला घरी पोचलात तरी लगेच झोपू नका. ताटात पसरा आणि चार वाटे करा. घट्ट, कोरडी फळं कागदी टिश्यूवर एका थरात फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस राहतील. कडेला मऊ पडलेली उद्या सकाळच्या मिल्कशेकला. बुरशी लागलेली टाकून द्यायची, ‘एवढंच कापून’ नको. आणि उरलेल्या चेंदामेंदाचा, जो बहुतेक एक किलो तरी भरतोच, जॅम. आत्ताच टोप्या काढून, एक किलोला सातशे ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस घालून रात्रभर झाकून ठेवा. लिंबू चवीला नाही, स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, कमी असतं म्हणून. सकाळी जाड बुडाच्या, पदार्थाच्या तिप्पट मोठ्या पातेल्यात मोठ्या आचेवर उकळा, कारण तो फसफसून वर येतो आणि शेगडी पुसायला तुम्हालाच लागते. फ्रीझरमध्ये एक बशी ठेवा. गार बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवला आणि वर सुरकुती पडली की झाला. ढवळताना हात लांब ठेवा. उडालेला जॅम उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो चिकटून बसतो.