जागा किती उरलीय, एवढंच सांग ना

कपॅसिटी प्लॅनिंग, म्हणजे पुढे किती जागा लागेल याचा हिशोब, म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी ग्राफबिफ असलेलं भारी काम असणार. प्रत्यक्षात बजेट ठरायच्या आदल्या आठवड्यात आमचे सर येतात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "अगं, स्टोरेजमध्ये जागा किती उरलीय एवढंच सांग ना, एक छोटी स्क्रिप्ट मार की." जे लोक स्क्रिप्ट लिहीत नाहीत त्यांच्या सगळ्या स्क्रिप्ट छोट्या असतात.

बरं, या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही असंही नाही, बरोबर उत्तरं चार आहेत हीच पंचाईत. व्हर्च्युअल मशीनच्या (म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनच्या) आतल्या विंडोजला विचारा, ते म्हणतं ५०० पैकी ९० जीबीच वापरतोय. ही मशीनं चालवणाऱ्या हायपरवायजरवर जाऊन फाइलींची यादी देणारी एलएस कमांड मारा, तीच थिन डिस्कची (भरेल तेवढीच जागा घेणाऱ्या डिस्कची) फ्लॅट फाइल, जिच्यात खरा डेटा असतो, छाती फुगवून ५०० दाखवते. खरोखर व्यापलेली जागा मोजणारी डीयू मारा तर २४०, कारण मधे कोणीतरी दीडशे जीबीचा बॅकअप आत टाकून पुसलेला असतो, आणि आत पुसलं म्हणजे बाहेर जागा सुटली असं नसतं, ते पुसलेली जागा खाली परत करणारं अनमॅप नावाचं प्रकरण वरपासून खालपर्यंत नीट चालू असेल तरच सुटते. खाली स्टोरेजच्या डब्याला विचारावं तर तो डिडुप (सारखा डेटा एकदाच ठेवणं) आणि कॉम्प्रेशन करून भलताच आकडा सांगतो. त्यात विकणारा टीबी मोजतो हजाराच्या हिशोबाने आणि व्हीस्फिअर, म्हणजे व्हीएमवेअर कंपनीचं ही मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर, मोजतं १०२४ च्या, म्हणजे घेताना १० टीबी असलेलं स्क्रीनवर येईपर्यंत साधारण ९.१ होतं, आणि बाकीचं गेलं कुठे हे फायनान्सवाले मला विचारतात, जणू मीच पर्समधून घरी नेलं.

तरी पॉवरसीएलआय उघडलं, म्हणजे पॉवरशेल या स्क्रिप्टच्या भाषेतून व्हीस्फिअरशी बोलायचं साधन. कल्पना साधी, प्रत्येक डेटास्टोअरमध्ये (मशीनच्या फाइली ठेवायच्या जागेत) शिरायचं, फाइलचं नाव, साइझ, तारीख काढायची आणि सीएसव्हीत ओतायची. तर डेटास्टोअरचा पाथ चौकोनी कंसाने सुरू होतो आणि पॉवरशेलमध्ये लाइक लावून तुलना करायला गेलं की त्याला चौकोनी कंस म्हणजे वाइल्डकार्ड, यातलं कुठलंही अक्षर चालेल अशी खूण, वाटतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, मधे मी. मग डेटास्टोअर ब्राउझरच्या एपीआयला सगळे सबफोल्डर एकदमच विचारले, त्याने आनंदाने ढीगभर नावं दिली आणि साइझचा रकाना पूर्ण कोरा. साइझ हवी असेल तर तसा फ्लॅग लावून वेगळी मागायची असते म्हणे. स्टोरेजची यादी मागणाऱ्याला साइझ कशाला लागेल, नाही का.

आकडे आले तरी ते एका जागी बसतील तर शपथ. मशीन चालू झालं की रॅमएवढी स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर वापरायची) जन्माला येते (काही रॅम त्या मशीनसाठी राखून ठेवली असेल, म्हणजे रिझर्व्हेशन असेल, तर तेवढी कमी), बंद केलं की गायब. म्हणजे ६४ जीबी रॅमची मशीनं सुट्टीत बंद असताना काढलेली यादी सडपातळ आणि कामाच्या दिवशीची एकदम गुटगुटीत, आणि सर विचारणार, "दोन दिवसांत एवढं काय भरलंत?" आरडीएमची, म्हणजे मशीनला बाहेरची डिस्क थेट जोडणारी फाइल तर कमालच आहे, डेटास्टोअरवर जवळपास काहीच जागा न घेता पलीकडच्या अख्ख्या लनची (स्टोरेजवरच्या त्या डिस्कची) साइझ स्वतःच्या नावावर लावते. आणि स्नॅपशॉट, म्हणजे मागे फिरता यावं म्हणून जपलेली मशीनची जुनी अवस्था! व्हीएमवेअर सांगतं ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, चेनमध्ये फार तर ३२. आमच्याकडे "पॅच करण्याआधी" नावाचा एक स्नॅपशॉट आहे, तो ज्या पॅचसाठी काढला त्या व्हर्जनचा सपोर्टसुद्धा संपला, आणि त्यानंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाइल फुगत फुगत मूळ डिस्कच्या मापाला आलीय.

पण खरी मजा अनाथ फाइल्सची. सरांना हा शब्द फार आवडतो, कारण त्यात फुकटची जागा दिसते. लॉजिक असं की ज्या व्हीएमडीकेला (मशीनच्या डिस्कच्या फाइलला) कोणतंच मशीन आपलं म्हणत नाही ती अनाथ. स्क्रिप्टने भराभर अनाथ शोधले. त्यात निम्मे निघाले टेम्प्लेटचे, म्हणजे नवीन मशीन बनवायच्या साच्यांचे, त्यांची कॉन्फिग फाइल व्हीएमएक्स नसते, व्हीएमटीएक्स असते, म्हणून नुसतं व्हीएमएक्स शोधणाऱ्याला ते बेवारस वाटतात. काही एफसीडी नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी यंत्रणा) वापरणाऱ्यांचे व्हॉल्यूम, जे मशीनला न चिकटताही सुखाने जगतात. आणि एक डेटास्टोअर शेजारच्या टीमच्या व्हीसेंटरलाही (मशीनं सांभाळायच्या मुख्य सर्व्हरलाही) जोडलेलं होतं, तिकडची चालती-बोलती मशीनं माझ्या यादीत अनाथ! म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इन्व्हेंटरीच्या स्क्रिप्टमध्ये डिलीटची ओळ कमेंट करूनसुद्धा ठेवू नये, कोणीतरी ओळ बंद ठेवणारा तो हॅश (#) काढतोच.

त्यावर कडी म्हणजे नावं. मशीनचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव जुनंच राहतं, स्टोरेज व्हीमोशन, म्हणजे मशीनच्या फाइली दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवणं, होईपर्यंत. त्यामुळे अख्ख्या कंपनीची बिलं छापणारं मशीन राहतं "टेस्ट२_डिलीट_करा" या फोल्डरमध्ये, आणि "प्रॉड_महत्त्वाचं" या फोल्डरमध्ये काय, तर एक लिनक्सची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल.

शेवटी सीएसव्ही सरांना पाठवली. त्यांनी एक्सेलमध्ये उघडली, तिथे ५१२ जीबीच्या डिस्कचे बाइट्स ५.४९७५६ई+११ असे दिसले, तर म्हणाले हा ई काय, एरर का? मग मी सगळं जीबीत करून दिलं, चार आकड्यांचे चार कॉलम केले, प्रत्येकावर नोट लिहिली. सरांनी सगळ्यात मोठी मोकळी जागा दाखवणारा कॉलम तेवढा पिवळा केला आणि विचारलं,

"म्हणजे नवीन ४ टीबीचा डेटाबेस सर्व्हर बसेल ना?"

"थिन दिला तर बसेल, फक्त त्यात कोणी डेटा भरायला नको."

सरांनी स्वल्पविरामापर्यंतच ऐकलं आणि तिथल्या तिथे मंजुरीची मेल टाकली.